आधी दारू की आधी जखम?

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मेंदूतली धोक्याची घंटा मोठेपणीही सहज वाजते. दारू ती तात्पुरती दाबते. दारू सुटली की दुःस्वप्नं, दचकणं उसळतं आणि पुन्हा बाटली जवळ येते. अशा माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणणं सोपं! १९९८च्या अमेरिकी अभ्यासात, बालपणी ४ वा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांत मद्यासक्ती, नैराश्य वगैरेंचा धोका ४ ते १२ पट आढळला. म्हणून ‘आधी व्यसन सोड, मग बघू’ हा क्रम आता मोडतो आहे. व्यसन आणि आघात दोन्हींवरच्या एकत्रित उपचारात आठवणी सहसा लगेच उकरत नाहीत. झोप, सुरक्षितता, तलफ आल्यावर काय करायचं, हे आधी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. पुरुषांच्या गटात जे ओठांवर येणार नाही, ते तिथे निदान येऊ शकतं.