नावात इंग्रजी, घरात मराठी

भाईंदर स्टेशनहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरीत शिरते. इथल्या ख्रिस्ती घरांबद्दल बाहेरच्यांचा एक समज पक्का असतो: आडनाव डिसोझा, म्हणजे इंग्रजी घरचीच! प्रत्यक्षात सोळाव्या शतकात आलेले पोर्तुगीज १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने गेले. मागे धर्म राहिला, आडनावं राहिली आणि बोली मराठीच राहिली. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे हे दाखवायला समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव इंग्रजी झालं, भाषा शिकायची राहिलीच.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई, पुढे ती पाचवीवर आली. मराठी शाळांतल्या त्या पिढ्यांचा आधार म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. वर मराठी वाक्य, खाली आपण केलेलं इंग्रजी. व्याकरण पक्कं झालं, अर्ज बिनचूक लिहिता येऊ लागले. पण साहेबाने काही विचारलं की मनात मराठी वाक्य जुळवायचं, त्याचं भाषांतर करायचं, काळ तपासायचा. तोवर साहेब पुढच्या टेबलापाशी पोचलेला असे. स्पेलिंगसाठी 'वेडनेसडे' घोकला, तो तसाच तोंडात बसला.

कान उघडले ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीने. 'वेल लेफ्ट' कुणी शिकवलं नाही; बॅट वर गेली, बॉल यष्टीरक्षकाकडे गेला आणि अर्थ आपसूक कळला. टीव्हीवरच्या इंग्रजी सिनेमांखाली ओळी येऊ लागल्या, तेव्हा ऐकलेलं आणि लिहिलेलं एकत्र दिसलं.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून आली. मग सेमी-इंग्रजीचे वर्ग, आणि आता हातातला मोबाइल. साधनं वाढली, लाज मात्र जुनीच राहिली: चुकलो तर हसतील.

मागे वळून पाहताना कामाला आलेले उपाय साधेच दिसतात. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. बातमीतलं एक वाक्य ऐकून लगेच तसंच म्हणायचं. आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज नकोसा होतो, पण गाळलेला 'द' आणि चुकलेला काळ तिथेच सापडतो. सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा अख्खं वाक्य उचलायचं. आणि भाईंदरपर्यंतच्या बसमध्ये सोबत्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं, चुकत का होईना.

पोर्तुगीज अंमलातही या किनाऱ्यावरची मराठी टिकली, ती कुणी घोकून घेतली म्हणून नव्हे. बाजारात, शेतात, चुलीपाशी ती रोज बोलली जात होती. इंग्रजीलाही दिवसाकाठी तशी एक जागा हवी. बसचा प्रवास त्याला पुरतो.