कांडीवर आंब्याचे चित्र, आत किती आंबा?

दुपारी गाडीवाल्याची घंटी वाजली की वस्तीतली लेकरे पैसे मागायला घराकडे पळतात. पाच रुपयांची पेप्सी, दहाची आंबा कांडी, वीसची मलईवाली. आम्ही दवाखान्यात सिस्टर होतो तेव्हाही आणि आता जालन्याच्या वस्त्यांत फिरतो तेव्हाही आयांच्या तोंडून एक गोष्ट हमखास ऐकतो, "सिस्टर, पोरगं जेवत नाही, पण मलईची कांडी खातं. तेवढंच दूध आणि फळ पोटात जातं."

ही समजूत बरोबर आहे का, ते या वेळी पाहू.

आधी नाव वाचा

गाडीवर तीन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि आपण तिन्हींना आइस्क्रीमच म्हणतो.

पहिली वस्तू पेप्सी किंवा गारेगार. प्लॅस्टिकच्या नळीतली असो की काडीवरची, ती म्हणजे पाणी, साखर, रंग आणि वास. कधी थोडासा रस असतो, बहुतेक वेळा तोही नसतो.

दुसरी वस्तू खरे आइस्क्रीम. कायद्याने आइस्क्रीममध्ये स्निग्धांश फक्त दुधाचाच असावा लागतो. साध्या आइस्क्रीममध्ये तो किमान १० टक्के हवा. कमी स्निग्धांशाचे प्रकारही मिळतात, पण त्यांच्या पाकिटावर तसे लिहावे लागते.

तिसरी वस्तू 'फ्रोझन डेझर्ट'. ही दिसते आइस्क्रीमसारखी, लागतेही तशीच. पण हिच्यातली 'मलई' दुधाची नसून वनस्पती तेलाची असते. तसे पाकिटावर छापावे लागते, पण अक्षरे बारीक असतात. याच फरकावरून २०१७ साली अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर या दोन मोठ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या. अमूलच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमध्ये 'वनस्पती' असते असे म्हटले होते. न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. फ्रोझन डेझर्ट म्हणजे विष नव्हे. त्यात बहुधा दुधाची पावडरही असते. पण त्यातल्या तेलाला दुधाची साय समजून लेकराला देऊ नका.

आता दूध मोजू

पेलाभर म्हणजे २०० मिलि दुधातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने आणि २०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळते. ६० ग्रॅमच्या चांगल्या दुधाच्या आइस्क्रीममधून प्रथिने मिळतात जेमतेम २ ग्रॅम. म्हणजे पेलाभर दुधाचा तिसरा हिस्सा. पेप्सीतून काहीच मिळत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि मूठभर शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच. दहा रुपये खर्च करायचेच असतील तर हा हिशेब डोक्यात असू द्या.

साखर मोजायची सोपी रीत

पाकिटाच्या मागे पोषणाची चौकट असते. त्यात 'ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली साखर किती ग्रॅम, ते पाहा. त्या आकड्याला ४ ने भागा, तेवढे चहाचे चमचे साखर झाली. समजा १०० ग्रॅमला २० ग्रॅम साखर लिहिली आहे आणि कांडी ६० ग्रॅमची आहे. म्हणजे साखर झाली १२ ग्रॅम, तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात शक्यतो सहा चमच्यांच्या आत राहायला सांगते. लेकराला त्याहूनही कमी. त्यात सकाळचा चहा आणि बिस्किटेही धरा.

घटकांची यादीही वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहायचा असा नियम आहे. पाणी, साखर, तेल आधी आले आणि आंब्याचा गर शेवटी सापडला, तर चित्र कितीही मोठे असले तरी आंबा थोडाच आहे. अगदी लहान पाकिटांवर ही यादी छापायची सक्ती नाही. तिथे एक प्रयोग करा. आम्ही महिलांच्या बैठकीत तो करून दाखवतो. कांडी पेल्यात वितळू द्या आणि मग चमचाभर चाखा. गार असताना जिभेला गोडी कमी कळते, म्हणून बनवणारा साखर जास्त घालतो. वितळल्यावर तीच कांडी इतकी गोड लागते की आया तोंड वाकडे करतात.

खरे नुकसान कुठे होते

एखादी कांडी खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. पण चार वाजता साखरेने पोट भरले की लेकरू संध्याकाळी भाकरी, डाळ, भाजीला हात लावत नाही. रोज असे झाले की रक्त कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय आढळला. कांडीत लोह जवळपास नसतेच. दुधातही ते फार थोडे असते. लोह येते बाजरी, डाळी, हिरव्या भाज्या, अंडी, मटण यांतून, म्हणजे जे ताट लेकराने बाजूला सारले त्यातूनच.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर साखर घातलेली कोणतीही कांडी देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, त्यानंतर दुधासोबत घरचे मऊ अन्न.

आणि जुलाब लागले असताना लेकरू काही घेत नाही म्हणून कांडी किंवा बाटलीतला ज्यूस अजिबात देऊ नका. जास्त साखरेने जुलाब वाढतात. आशाताईकडून ओआरएसचे पाकीट आणि झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्यायचे असते. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. लेकरू सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर लगेच दवाखाना गाठा.

बर्फ कोणत्या पाण्याचा?

गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा जोर धरतात. टायफॉइड, कावीळ, जुलाब या वाटेनेही येतात. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे आहे. निळसर बर्फ दिसला तर त्याचा गोळा घेऊ नका. पाकीटबंद माल असेल तर त्यावर १४ आकडी परवाना क्रमांक आणि तारीख पाहा.

आपली मोसंबी

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. आपल्यातल्या कितीतरी बाया बागेत तोडणीला जातात. मोसंबी गाडीत भरून परगावी जाते आणि आपले लेकरू मोसंबीच्या रंगाचा बर्फ चोखते. १०० ग्रॅम मोसंबीत ४५ ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. ते भाजी-भाकरीतले लोह रक्तात शोषायला मदत करते. म्हणून जेवण झाल्यावर चार फोडी द्या. रसापेक्षा फोडी बऱ्या, त्यात चोथाही पोटात जातो.

गारच हवे असेल तर घरी करा. दोन मोसंब्यांचा रस, एक वाटी ताजे गोड दही आणि दोन चमचे साखर घुसळा. लहान पेल्यांत ओतून, वर काडी लावून गोठवा. याच्या चार कांड्या होतात, म्हणजे एका कांडीत वरची साखर अर्धाच चमचा. दूध वापरू नका, फाटते. रस काढून ठेवू नका, कडू होतो. फ्रीज नसेल तर हेच मिश्रण माठातले पाणी घालून लस्सीसारखे प्या. पिकलेले केळे दह्यात कुस्करले तर साखरही लागत नाही.

मंडळांना एक विनंती

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि बुद्ध पौर्णिमेला आपली मंडळे लेकरांना रंगीत सरबत, पेप्सी वाटतात. देणाऱ्याचे मन मोठे असते. या वर्षी त्याच वर्गणीत ताक किंवा लिंबू-मोसंबीचे सरबत ठेवा. पाणी आदल्या रात्री उकळून घ्या, पिंपावर झाकण ठेवा, ओगराळ्याने वाढा, पेले धुवायला वेगळी बादली ठेवा. उन्हात चालणाऱ्याला पाणी आणि मीठ दोन्ही लागते.

घंटी वाजल्यावर लेकराला दरवेळी नाही म्हणणे आम्हालाही जमत नाही. आठवड्यातून एखादी कांडी मजा म्हणून, जेवणानंतर द्या. फक्त तिला दूध म्हणू नका आणि फळही म्हणू नका.