एक तलाव, दोन हिशेब: मिल लॅक्सच्या माशांचं भांडण

नेहमीप्रमाणे हा ताज्या एपिसोडचा लिखित अवतार, खास त्यांच्यासाठी ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावूनही काही ऐकू येत नाही. बोलताना मी जिथे अडखळलो ते भाग गाळलेत, आकडे सगळे ठेवलेत.

आज जायचंय अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिल लॅक्स नावाच्या तलावावर. मिनिआपोलिसपासून साधारण दीडशे किलोमीटर उत्तरेला. तलाव म्हटल्यावर डोळ्यासमोर रंकाळा आणू नका. याचा पसारा पाचशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, खोली मात्र जेमतेम 40 फूट. हिवाळ्यात तो गोठतो आणि लोक बर्फावर चक्क हजारो छोट्या खोल्या उभ्या करून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. ज्या माशासाठी हे सगळं चालतं त्याचं नाव वॉलआय.

या तलावावर दोन प्रकारचे लोक मासे मारतात. एक म्हणजे ओजिब्वे, तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या गटांना ‘बँड’ म्हणतात. लग्नातला बँड नव्हे. प्रत्येक बँडला स्वतःचं सरकार, स्वतःचे कायदे आणि कोर्टही असतं. दुसरे म्हणजे राज्याचं लायसन्स काढून गळ टाकणारे हौशी लोक. त्यांना मी इथे ‘गळवाले’ म्हणतो. दरवर्षी तलावातून किती वॉलआय काढले तर चालतील याचा आकडा ठरतो, आणि तो दोघांत वाटला जातो.

मला हा विषय कुठून सुचला? आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट तिकडचा. तिथला एक टेस्टर दर मे महिन्यात मासेमारीचा सीझन उघडला की सुट्टी टाकतो. एकदा कॉलवर तो वैतागून म्हणाला की सरकारने ‘त्यांना’ जादा हक्क दिलेत, आणि त्यांनी विणीच्या हंगामात जाळी लावून तलाव रिकामा केलाय. माणूस चांगला आहे, खोटं बोलणारा नाही. पण दोन्ही वाक्यं डोक्यात अडकून राहिली, म्हणून वाचायला बसलो.

आधी ‘सरकारने दिलेले हक्क’ हे प्रकरण घेऊ. 1837मध्ये ओजिब्वेंनी अमेरिकन सरकारशी करार केला आणि आजच्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधली प्रचंड जमीन देऊन टाकली. करताना पाचव्या कलमात एक गोष्ट राखून ठेवली: त्या जमिनीवर, नद्यांत आणि तलावांत शिकार, मासेमारी आणि पाण्यात उगवणारा जंगली तांदूळ गोळा करणं चालूच राहील. आपल्या भाषेत सांगायचं तर शेत विकलं, पण खरेदीखतात लिहून ठेवलं की विहिरीचं पाणी आणि बांधावरचे आंबे आमचेच. आता दीडशे वर्षांनी शेताचा नवा मालक म्हणाला की ‘या लोकांना फुकट आंब्यांचा स्पेशल हक्क कोणी दिला?’ तर काय सांगणार? दिलाच नाही कोणी. विकलाच नव्हता.

पण कलमात एक खुंटी होती. हा हक्क ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेतोवर’ असं लिहिलेलं. 1850मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी मर्जी काढून घेतली. एकाच हुकमात मासेमारीचा हक्क रद्द, आणि ओजिब्वेंनी तिथून निघून जावं असंही. लोक हलत नाहीत म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी एक युक्ती केली. कराराचे वार्षिक पैसे आणि धान्य नेहमीच्या जागी न देता दूर सँडी लेकला मिळतील असं जाहीर केलं. लोक शेकडो किलोमीटर चालत, नावा वल्हवत गेले. धान्य नाही, पैसे नाहीत, वर मिनेसोटाचा हिवाळा. रोगराईने तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे 400 माणसं मेली. 1852मध्ये नव्वदी पार केलेले त्यांचे प्रमुख बफेलो वॉशिंग्टनपर्यंत गेले, नवे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले, आणि हकालपट्टी थांबवून आले.

हा सगळा इतिहास मला पाल्हाळ वाटला होता, पण पुढचा खटला नेमका त्यावरच फिरला. 1990मध्ये मिल लॅक्स बँडने राज्यावर दावा लावला. 24 मार्च 1999 रोजी सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिलं त्याचा गाभा असा: लोकांना हुसकावण्याचा अधिकार टेलर यांना नव्हताच, आणि हक्क रद्द करण्याचं कलम त्याच हुकमाचा अविभाज्य भाग होतं, म्हणून तेही गेलं. 1855च्या पुढच्या करारात जमिनीचे हक्क सोडले होते, पण त्यात मासेमारीबद्दल शब्द नाही, आणि न बोलल्याने हक्क जात नाही. असे करार वाचताना ओजिब्वेंना सही करताना काय समजलं होतं ते बघायचं, हाही नियम कोर्टाने पाळला. म्हणजे आमच्या टेस्टरचं पहिलं वाक्य बाद.

यात एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. निकालाच्या आधी, 1993मध्ये, तडजोड जवळजवळ झाली होती. मिल लॅक्स बँड वर्षाला फक्त 24,000 पौंड वॉलआय, काही जमीन आणि 86 लाख डॉलर घेऊन दावा सोडायला तयार होता. गळवाल्यांनी जोरदार विरोध केला. फुटबॉलचे नावाजलेले माजी कोच बड ग्रँट त्यांच्या आघाडीवर होते. विधिमंडळाने तडजोड फेटाळली, राज्य कोर्टात गेलं आणि हरलं. करारातले एकूण आठ बँड आता हक्कदार ठरले. 2012 साली त्यांचा मिळून वाटा किती होता? 1,42,500 पौंड.

शेजारच्या विस्कॉन्सिनने तर याहून वाईट दिवस पाहिले. तिथे 1983मध्ये कोर्टाने ओजिब्वेंचा हक्क मान्य केला. त्यानंतर, विशेषतः 1987 ते 1991, दर वसंतात रात्री होड्यांच्या धक्क्यांवर जमाव जमायचा. भाले घेऊन मासेमारीला आलेल्या कुटुंबांवर दगड पडायचे, माशांऐवजी माणसांना भोसका अशा घोषणा असायच्या, शेकडो पोलीस उभे करावे लागायचे. शेवटी 1991मध्ये न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी त्रास देणाऱ्यांना कोर्टाच्या आदेशाने रोखलं; काढता येण्याजोग्या साधनसंपत्तीची वाटणी त्यांनी 1990मध्येच निम्मी-निम्मी ठरवली होती. 1991मध्येच केंद्र, राज्य आणि बँड यांनी मिळून केलेल्या पाहणीत दिसलं की भालेवाल्यांमुळे तलावांतले मासे संपत नव्हते.

आता दुसरं वाक्य: विणीच्या हंगामात जाळी. हे मला आधी पटलं होतं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच ना? आणि ओजिब्वे खरोखरच बर्फ वितळल्या वितळल्या, वॉलआय अंडी घालायला काठाशी येतात तेव्हा मासे मारतात. वॉलआयच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो. रात्री बॅटरी मारली की डोळे मांजरासारखे चमकतात, आणि भाला बरोबर लागतो. शिवाय गिल नेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं लावलेलं जाळं. मासा त्यात कल्ल्यांशी अडकतो.

पण मासा मेमध्ये मेला काय आणि जानेवारीत बर्फाखाली मेला काय, पुढच्या विणीला तो नसणारच. हिशेबाला महत्त्व एकूण किती आणि कोणते गेले याचं आहे. काठाशी थांबून राहणारे बहुतेक नर असतात, त्यामुळे भाल्यावर नरच जास्त येतात. आणि समजा अंडी कमी पडत असती तर लहान पिल्लं कमी दिसली असती. बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या पथकाने 2014मध्ये बघितलं तर पिल्लं पुरेशी जन्मत होती. मरत होती नंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत.

आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण दोन्ही बाजूंच्या हिशेबाची पद्धतच वेगळी आहे. बँडचे लोक जातात ते त्या त्या तलावाच्या परवान्यावर. परत आले की धक्क्यावर बँडचे कर्मचारी मासे मोजतात. आकडा ठरलेल्या मर्यादेला टेकला की काम बंद. गळवाल्यांचं तसं करता येत नाही. हजारो होड्या, शेकडो धक्के. मग राज्याचे लोक काही दिवशी, काही जागी जाऊन विचारतात की किती तास बसलात, किती धरले, किती सोडले, आणि त्यावरून पूर्ण तलावाचा अंदाज काढतात. एकीकडे मतमोजणी आहे, दुसरीकडे एक्झिट पोल. एक्झिट पोल म्हणजे फसवणूक नव्हे, नीट केला तर चांगला अंदाज देतो. पण ‘ते बेहिशेबी मारतात’ हा आरोप ज्या बाजूवर होतो तिचाच हिशेब माशागणिक लागतो, हे मजेशीर आहे.

त्याहून मजेशीर म्हणजे सोडलेले मासे. गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडला तरी काही मरतात. थंड पाण्यात थोडेच, पण पाणी तापलं की प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. हे मेलेले मासे राज्याच्या कोट्यातून वजा होतात. आणि राज्याने कोटा पुरवण्यासाठी काय केलं? अमुक इंच ते तमुक इंच एवढाच मासा ठेवा, बाकी सोडा. म्हणजे एक ठेवण्यालायक मासा मिळेपर्यंत माणूस दहा पकडून सोडणार. बगवर पॅच टाकला आणि पॅचनेच मेमरी खाल्ली, तसला प्रकार.

आता आकडे बघा. दोन्ही बाजू मिळून 2012ला एकूण मर्यादा 5 लाख पौंड. 2013ला अडीच लाख. 2014ला 60,000. 2015ला 40,000, त्यात राज्याचे 28,600 आणि बँडचे 11,400. 2015च्या जुलैत गळवाल्यांचा वाटा संपला आणि 3 ऑगस्टला रात्री वॉलआयची मासेमारी बंद झाली. ऐन सीझनमध्ये. काठावरच्या रिसॉर्टवाल्यांच्या बुकिंग रद्द झाल्या. राज्यपाल मार्क डेटन मदतीसाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन घेऊ म्हणाले, पण ते झालंच नाही. 2016च्या उन्हाळ्यात ‘पकडा पण सोडा’ एवढंच चालू होतं, एकही वॉलआय घरी नेता येत नव्हता, तरी राज्याचा कोटा ओलांडला गेला. 2017च्या जुलैत पुन्हा काही आठवडे बंद.

या रिसॉर्टवाल्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. कर्ज काढून होड्या घेतलेली माणसं ती. बँडवर राग काढणं त्यांना सोपं पडतं, कारण बँड डोळ्यांना दिसतो. पण 2015ला बँडचे 11,400 पौंडही राज्याला दिले असते तरी बेरीज 40,000च राहिली असती. तीन वर्षांपूर्वी एकट्या राज्याला 3,57,500 मिळत होते.

मग पिल्लं मरतात कशाने? इथे तो आरशाचा डोळा परत येतो. वॉलआय अंधुक पाण्यातला शिकारी. त्याचा सगळा फायदा कमी उजेडात. मिल लॅक्सचं पाणी आधीच नितळ होत चाललं होतं. 2005मध्ये तिथे झेब्रा मसल सापडले. मूळचे युरोपच्या पूर्वेकडचे हे शिंपले जहाजांतून अमेरिकेत आले. ते पाणी गाळून सूक्ष्म जीव खातात. 2009मध्ये काटेरी पाणपिसू आली, तीही पिल्लांच्याच अन्नावर ताव मारणारी. पाणी तापलं तसा थंड पाण्यात राहणारा टलिबी मासा, मोठ्या वॉलआयचं आवडतं खाणं, कमी झाला. भुकेले मोठे वॉलआय मग छोट्या वॉलआयनाच खातात. थोडक्यात, वॉलआयला हवं तसं थंड आणि अंधुक पाणी त्या तलावात आक्रसत गेलं.

त्याच स्वच्छ पाण्यात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा मात्र इतका फोफावला की 2017मध्ये ‘बासमास्टर’ मासिकाने मिल लॅक्सला बाससाठी देशातला पहिल्या नंबरचा तलाव ठरवलं. काही रिसॉर्टवाल्यांनी पाट्या बदलल्या. 2019ला वॉलआयची मर्यादा 1,50,000 पौंडांवर आली: राज्याचे 87,800, बँडचे 62,200. गळवाल्यांना त्या मे महिन्यात पुन्हा एक मासा घरी न्यायची परवानगी मिळाली, तीही ठराविक लांबीचाच.

टेस्टरला मी हे सगळं पाठवलं. तो म्हणाला, मोजणीचं माहीत नव्हतं, पण गिल नेट मला तरीही आवडत नाही. म्हटलं, चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये वॉशिंग्टन राज्यातला सॅमन आणि 1974चा बोल्ट निकाल घेऊ, तिथे दोन शब्दांच्या अर्थावरून निम्मे मासे वाटले गेले. तोवर प्रश्न असतील तर पाठवा, व्हॉइस नोट असेल तर एक मिनिटाच्या आतली, प्लीज.