म्हातारा कुत्रा पाणी फार पितो, तेव्हा

फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाखालचं गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा दिवसांत घरचा दहा-बारा वर्षांचा कुत्रा पाण्याचं भांडं पुन्हापुन्हा रिकामं करू लागला, तर उत्तर तयार असतं: "ऊन केवढंय, पिणारच की!" सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच.

दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर ते संशयास्पद मानतात. म्हणजे 15 किलोच्या कुत्र्यासाठी दीड लिटर. म्हाताऱ्या कुत्र्यात त्यामागे मूत्रपिंडांचा आजार असू शकतो. मूत्रपिंडांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी दाट करण्याची ताकद जाते. भरपूर, पातळ लघवी होते आणि ती तूट भरून काढायला कुत्रा पीत राहतो. 'लघवी चांगली होतेय, म्हणजे किडनी ठणठणीत' हा हिशेब म्हणूनच उलटा. रात्री घर ओलं होतं म्हणून भांडं उचलून ठेवणं, ही तर घोडचूक. त्याने शरीर कोरडं पडतं आणि मूत्रपिंडांचा उरलेला भागही धोक्यात येतो. त्यापेक्षा सकाळी पाणी मोजून भरावं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करावं. कुत्र्याच्या वजनाला धान्याच्या दुकानातला काटा चालतो.

रक्त तपासलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं, आता काळजी नको? हा आकडा वाढतो तोवर मूत्रपिंडांचं सुमारे 75 टक्के काम थांबलेलं असतं. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे हडकुळ्या म्हाताऱ्या कुत्र्यात तो फसवा. सोबत लघवीची घनता, तिच्यातली प्रथिनं, रक्तातला फॉस्फरस आणि रक्तदाब पाहावाच लागतो.

मग येतो आहार. 'मांस बंद, दूध-भाकरी सुरू' हा गावोगावचा उपाय अर्धवट आहे. खरा अडसर फॉस्फरसचा, आणि तो दुधातही असतो, हाडांत तर भरपूर. प्रथिनं मोजकी हवीत, पण चांगल्या प्रतीची. ती पूर्ण तोडली तर स्नायू झिजतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस अगदी कमी असतो. नेमकं प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावं. कुत्रा तोंड फिरवत असेल, तर त्याला बहुधा मळमळतंय. नखरे म्हणून सोडून देऊ नये.

लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली वेदनाशामक गोळी देणं, हे त्याहून वाईट. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन भारतातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांनाही घातक ठरतं.

'सलाईन लागलं, म्हणजे संपलं' हेही खरं नाही. पशुवैद्यकाने शिकवलं तर रिंगर लॅक्टेट हे सलाईन मानेमागच्या सैल कातडीखाली घरीच देता येतं. तिथे येणारा फुगवटा काही तासांत जिरतो. मात्रा डॉक्टरांचीच, हृदयविकार असेल तर जास्तीचं पाणी अंगावर येतं. मूत्रपिंडांचा हा आजार बरा होत नाही, पण वेळेत सापडला तर कित्येक कुत्री महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं सुखाने खाऊन-फिरून राहतात.

फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगर सुमारे 100 किलोमीटर, जळगाव त्यापेक्षा जवळ. त्यामुळे पाणी, वजन आणि उलट्यांची नोंद वहीत ठेवा, निघण्याआधी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा. लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर मात्र उद्यावर ढकलू नका.