उपग्रहाला मासा दिसतो का?

आजचा प्रश्न साधा आहे. मच्छीमारांना सूचना मिळते: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर मासळी सापडण्याची शक्यता. ही सूचना काढते हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था, आणि ती मराठीतही मिळते. मग काय, आकाशातून मासे मोजतात?

नाही हो. उपग्रहाला मासा दिसतच नाही. त्याला दिसतो पाण्याचा रंग.

कसं ते सांगतो. समुद्रात फायटोप्लँक्टन नावाच्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. झाडाच्या पानासारखंच त्यांच्यातही हरितद्रव्य असतं, आणि ते निळा प्रकाश शोषून घेतं. म्हणून जिथे या वनस्पती जास्त, तिथलं पाणी निळं कमी आणि हिरवट जास्त दिसतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इस्रोने सोडलेल्या ओशनसॅट-३ वरचा कॅमेरा हाच फरक १३ रंगपट्ट्यांमध्ये टिपतो. गंमत बघा, कॅमेऱ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडातला ८० ते ९० टक्के भाग हवेने विखुरलेला असतो. तो वजा केला की मग समुद्राचा खरा रंग हाती लागतो.

याला जोड तापमानाची. गार आणि कोमट पाणी जिथे भेटतं, तिथे खाद्य गोळा होतं. खाद्यामागे तारली-बांगडा येतात, त्यांच्यामागे सुरमई. थोडक्यात, उपग्रह आपल्याला हॉटेलचा पत्ता देतो. गिऱ्हाईक आत बसलंय की नाही, ते तिथे गेल्यावरच कळतं!

आता अडचणी. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ असतं, तिथे गाळ आणि हरितद्रव्य वेगळं ओळखणं कठीण जातं. तळाशी काय चाललंय, हे वरून कळत नाही. शिवाय ढग आले की नकाशात भोकं पडतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पण ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात उतरतात तेव्हाही आभाळ भरलेलंच असतं. आणि पाणी वाहतं राहतं, त्यामुळे कालचा पत्ता आज शिळा होतो.

तरीही फायदा मोठा आहे. मासळी शोधत फिरणं कमी झालं, की डिझेल वाचतं. लहान होडीवाल्यासाठी डिझेल म्हणजे अख्ख्या फेरीचा हिशेब.

पण मला एक गोष्ट खटकते. हाच पत्ता मोठ्या ट्रॉलरलाही मिळतो. तिथे जमलेली मासळी पूर्ण वाढलेली आहे की पिल्लं आहेत, हे उपग्रह सांगत नाही. ते ठरतं जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकाच्या मापावर. मासळी टिकवायची असेल, तर वरचा कॅमेरा कितीही भारी असला तरी आस मोठा ठेवण्याचा निर्णय खाली, होडीवरच घ्यावा लागतो.

आज एवढंच. भेटू पुढच्या भागात!