कमजोर हृदयाच्या गोळ्या डॉक्टर कशा ठरवतात?



ऊसनोंदीसाठी गटात फिरताना आजारपणाच्या गोष्टीही कानावर येतात. हृदय कमजोर झालेल्या सभासदांचा प्रश्न बहुधा एकच : "साहेब, पायाची सूज उतरली, दम कमी झाला, मग आता एवढ्या गोळ्या कशाला?" गेल्या हंगामात एकाने ऐन तोडीच्या गडबडीत सगळ्याच गोळ्या सोडल्या आणि महिन्याभरात परत दवाखाना गाठला. म्हणून हे लिहितो आहे.

झटका वेगळा, हे दुखणे वेगळे. यात हृदय चालू असते, पण पंपाची ताकद कमी पडते. अंगात पाणी साचते, आडवे झाले की धाप लागते. माती परीक्षणाशिवाय आम्ही खताचा डोस सांगत नाही, तसे डॉक्टर आधी 'इको' काढतात. डाव्या कप्प्यातले किती रक्त दर ठोक्याला बाहेर पडते, ते त्यात कळते. निरोगी माणसात साधारण ५५ ते ७० टक्के. ४० किंवा त्याखाली असेल तर चार प्रकारची औषधे बसवतात. त्याहून जास्त असेल तर हिशेब वेगळा.

आता खरी गोम. सूज उतरते ती लघवीच्या गोळीने. आराम लगेच कळतो, म्हणून तीच खरी गोळी वाटते. पण आयुष्य वाढवतात ती ही चार, आणि त्यांचा गुण अंगाला चटकन जाणवत नाही.

पहिले औषध हृदयावरचा भार हलका करते. त्यातल्या एनालाप्रिलने गंभीर रोग्यांतले मृत्यू कमी होतात, हे १९८७ मध्ये दिसून आले. कोरडा खोकला लागला तर डॉक्टर ते बदलून देतात. दुसरे ठोके सावकाश करणारे, बीटा ब्लॉकर. कमजोर हृदयाला हे देऊच नये असे पूर्वी मानत. १९९९ च्या मोठ्या चाचण्यांनी ते मत पार पालटले. मात्र सुरुवात अगदी लहान डोसाने होते आणि साधारण दोन-दोन आठवड्यांनी तो वाढवतात. पहिले काही दिवस थकवा वाटतो, त्यालाच घाबरून लोक गोळी सोडतात. तिसरे स्पायरोनोलॅक्टोन. याने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, पुरुषांची छातीही कधी सुजून दुखते. तसे झाले तर सांगावे, लाजू नये. चौथे डापाग्लिफ्लोझिन, मूळचे मधुमेहाचे. "मला साखर नाही, मग साखरेची गोळी का?" असे विचारतात. तर २०१९ मध्ये ते मधुमेह नसलेल्यांनाही उपयोगी ठरले.

रक्तदाब, नाडी, मूत्रपिंड आणि पोटॅशियम बघूनच कोणाला काय नि किती ते ठरते. म्हणून रक्ततपासणी पुन्हा पुन्हा सांगतात, पैसे काढायला नव्हे. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाऊ नका. त्याने अंगात मीठ-पाणी अडते आणि मूत्रपिंडालाही इजा होते. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते बहुधा पाणीच, लगेच डॉक्टर गाठावा. जाताना गोळ्यांची पाकिटे नि जुने रिपोर्ट पिशवीत घालून न्यावेत. 'ती पांढरी बारकी गोळी' एवढ्यावरून डॉक्टरांना काही उमगत नाही.