दिनविशेषातला दिवस किती विशेष?

शाळेच्या परिपाठात रोज दिनविशेष वाचला जातो, फळ्यावर रंगीत खडूने लिहिला जातो. ७ नोव्हेंबरची यादी भरगच्च असते. १८६२ साली रंगूनच्या कैदेत बहादूरशाह जफर यांचा मृत्यू, १८६७ मध्ये वॉर्सात मारी क्युरी यांचा जन्म, १८८८ मध्ये तिरुचिरापल्ली येथे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म, १९०० मध्ये साताऱ्यात भीमराव आंबेडकरांचा शाळाप्रवेश, १९०५ मध्ये हुबळीला केशवसुतांचे निधन, १९१३ मध्ये अल्जीरियात आल्बेर काम्यू यांचा जन्म आणि १९१७ ची बोल्शेविक क्रांती. यादी बरोबर आहे. तिच्यावरून बांधले जाणारे तर्क मात्र बरेचदा चुकतात. घटना घडते तेव्हा तिच्या कपाळावर तारीख लिहिलेली नसते. ती माणूस लिहितो, आपापल्या कालगणनेने आणि आपापल्या सोयीने. म्हणून दोन घटना एकाच तारखेला दिसल्या की आधी ती तारीख कोणी आणि कशी लिहिली ते पाहावे.

गैरसमज : इतकी मोठी माणसे एकाच दिवशी जन्मली, म्हणजे त्या दिवसातच काहीतरी असणार.

क्युरी आणि रामन दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, क्युरींना १९०३ मध्ये आणि रामन यांना १९३० मध्ये. त्यात अणुविभाजनाचा उलगडा करणाऱ्या लिझ माइटनर यांचेही नाव जोडले जाते आणि ७ नोव्हेंबर हा जणू भौतिकशास्त्राने राखून ठेवलेला दिवस वाटू लागतो. पण थोडे गणित मांडून पाहू. वर्षात वाढदिवसाला जागा ३६६, आणि तुलना होते ती जोड्यांची. २३ माणसांत २५३ जोड्या होतात, आणि तेवढ्यातच कुणा दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. साठ मुलांच्या वर्गात तशी जोडी न सापडणे हेच नवल. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले लोक आता दोनशेच्या वर आहेत. नुसते दोनशे धरले तरी जोड्या १९,९०० होतात. ३६६ ने भागले तर समान वाढदिवसाच्या पन्नासहून अधिक जोड्या निघायला हव्यात. क्युरी आणि रामन ही त्यांतली एक. शिवाय ‘शास्त्रज्ञांचा दिवस’ म्हणताना काम्यूला आपण हळूच बाजूला सारतो. तो नाटक-कादंबरीवाला, आपल्या सिद्धांतात बसत नाही. आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचे, असा हा नेम आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप अमेरिकेचा. जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी गेले, आणि तोही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पन्नासावा वर्धापनदिन. हाही योगायोगच का? योग विलक्षण आहे, हे मान्यच करावे. दोघेही वृद्ध आणि आजारी होते आणि तो दिवस पाहण्याची आस त्यांना असू शकेल. एवढे सोडले तर त्यामागे कारण दाखवता येत नाही. पण त्या तारखेकडेच जरा नीट पाहा. स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला तो २ जुलै १७७६ ला. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला आणि बहुतेक सह्या झाल्या त्या २ ऑगस्टला. खुद्द अॅडम्स यांची अटकळ होती की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील. लोकांनी ४ जुलै उचलला नसता, तर या योगायोगाची धार निम्मी झाली असती.

गैरसमज : जन्मतारीख ही तरी पक्की असते.

लिझ माइटनर यांचा जन्म व्हिएन्नातला, १८७८ चा. तिथल्या यहुदी समाजाच्या जन्मनोंदवहीत त्यांची तारीख १७ नोव्हेंबर आहे. पुढच्या कागदपत्रांत ७ नोव्हेंबर, आणि त्याही तीच पाळत. म्हणजे ‘भौतिकशास्त्राच्या दिवसा’चा एक खांब एका आकड्यावर उभा आहे. आपल्याकडे याचे आणखी ठळक उदाहरण घरोघरी सापडते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये भरत. आईबापांना साल अंदाजे, महिना पावसाच्या किंवा सणाच्या आठवणीवर ठाऊक असे. मग गुरुजी वयाचा हिशेब जुळवून १ जून लिहून टाकत. पुढे त्याच तारखेवर नोकरी लागली, निवृत्तीही ठरली. एखाद्याने या दाखल्यांवरून ‘१ जूनला मराठी माणसे जास्त जन्मतात’ असे संशोधन मांडले, तर त्याला सापडलेली गोष्ट प्रसूतिगृहातली नसेल, शाळेच्या रजिस्टरातली असेल.

गैरसमज : दोन घटनांची तारीख एक, म्हणजे त्या वर्षातल्या एकाच दिवशी घडल्या.

रशियातल्या क्रांतीचे नाव ऑक्टोबरचे आणि सोहळा नोव्हेंबरात, कारण तिथे तेव्हा जुलियन कालगणना होती. २५ ऑक्टोबर १९१७ मध्ये तेरा दिवस मिळवले की आजच्या ग्रेगोरियन कालगणनेतला ७ नोव्हेंबर येतो. क्रांतीचा एक सूत्रधार लिऑन ट्रॉट्स्की याचा जन्मही ७ नोव्हेंबर १८७९ चा. पण जुन्या कालगणनेत त्याची जन्मतारीख २६ ऑक्टोबर आहे, क्रांतीच्या तारखेनंतरची. मग दोन्ही ७ नोव्हेंबरला कशा आल्या? एकोणिसाव्या शतकात दोन कालगणनांतला फरक बारा दिवसांचा होता. १९०० हे साल जुलियनने लीप धरले, ग्रेगोरियनने धरले नाही, आणि फरक तेरावर गेला. ज्या पंचांगात ती माणसे जगत होती त्यात या दोन तारखा शेजारी होत्या. १९०० सालच्या एका जादा दिवसाने त्या एकावर एक आल्या. हीच सावधगिरी आपल्या इतिहासातही लागते. शिवाजी महाराजांची शासनमान्य जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुलियन आहे. ग्रेगोरियनने तो दिवस १ मार्च ठरतो.

यावर कुणी म्हणेल, तारखांचा घोळ आहे तर तिथी धरावी, ती आकाशातल्या चंद्रावरून ठरते. तिथीचा पाया खगोलीय आहे, हे खरेच. महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही नोंद जुलियन-ग्रेगोरियनच्या भानगडीत सापडत नाही. पण एका दिवशी कोण कोण जमले हा प्रश्न तिथीने सुटत नाही, फक्त पंगत बदलते. तिथीने मोजले तर क्युरी आणि रामन वेगळे होतात आणि दोघांच्याही शेजारी दुसरीच नावे येऊन बसतात. दिवसातच गुण असता तर तो मोजणीची पट्टी बदलल्यावर असा पळून गेला नसता.

गैरसमज : ज्याच्या नावाने दिवस, त्याचा तो जन्मदिवस.

राष्ट्रीय विज्ञान दिन रामन यांचा वाढदिवस म्हणून सांगितला जातो. तो २८ फेब्रुवारीला असतो, कारण १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. उलट ७ नोव्हेंबरला भारतात कर्करोग जागरूकता दिन असतो, तो मात्र क्युरींचा जन्मदिवस पाहूनच निवडला गेला. २६ जानेवारीचेही तसेच: राज्यघटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण अंमल सुरू करायला १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनाची तारीख मुद्दाम धरली. असे मेळ योगायोग नसतात, ते निर्णय असतात. मग दिनविशेष वाचायचाच कशाला, असे विचारता येईल. उत्तर याच उदाहरणांत आहे. दिवसाला अर्थ असतो, पण तो माणसांनी दिलेला असतो, आणि का दिला ते सांगता येते.

महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्याला ना ग्रहांचा आधार लागतो ना क्युरींच्या वाढदिवसाचा. साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. ज्यांना शाळेचा उंबरठा नाकारला जात होता, त्यांच्यातल्या एका मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या पटावर चढले. फळ्यावरच्या यादीतली ही ओळ इतर ओळींच्या शेजारी आली तो योगायोग. ती तिथे का आहे, हे मात्र ते रजिस्टर सांगते.